फुई तीच मामी

नाशिकच्या मॅडमनी कोऱ्या कागदाच्या मध्यभागी एक गोल काढला आणि म्हणाल्या, "ह्या तुम्ही." बाईचा गोल, पुरुषाचा चौकोन. वर आईचा गोल, वडिलांचा चौकोन. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

"आता आईकडचे सांगा."

"एकच भाऊ. माझा मामा."

"त्यांची बायको?"

"फुई."

"फुई म्हणजे?"

"आत्या. वडिलांची बहीण."

"नाही ताई, वडिलांकडचे नंतर. मी मामांची बायको विचारतेय."

"मग मी दुसरं काय सांगतेय? मामाची बायको म्हणजेच माझी फुई. वडिलांची बहीण मामाला दिली, मामाची बहीण वडिलांना केली. साटंलोटं."

मॅडमनी वडिलांच्या चौकोनापासून एक रेघ ओढली, ती कागदाच्या दुसऱ्या टोकाला नेताना माझ्याच गोलावरून गेली. मग त्यांनी कागद आडवा केला. मग दुसरा कागद घेतला. मला हसू आलं. हसण्यासारखं काही नव्हतं, पण घाबरले की मला हसू येतं, ही जुनी खोड आहे.

आमच्या तापीकाठच्या गुजर घरांमध्ये तेव्हा साटंलोटं सर्रास चालायचं. तुमची पोर आम्हाला, आमची तुम्हाला. बोलायला सोपं, नांदायला अवघड. कारण एकीला सासरी टोचलं की दुसरीला आपोआप टोचायचं. माझी आई एकदा वडिलांशी भांडून कळसाडीला मामाकडे गेली. नवव्या दिवशी फुई पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. तिचं मामाशी भांडण नव्हतं, कुणाशीच नव्हतं. पण ही तिकडे गेली म्हणजे तिने इकडे यायचं, असा नियम. ती आली, आमच्या चुलीवर आठ दिवस स्वयंपाक केला, माझ्या वेण्या घातल्या, आणि आई परत आली तशी निघून गेली. मला तेव्हा वाटायचं, आईने वरचेवर भांडावं. फुईच्या हातची खिचडी चांगली व्हायची.

नाशिकला मी आले त्याचं कारण आई. आई जाऊन बारा वर्षं झाली. पोट फुगायचं, पाणी काढायला गाडीने नवापूरवरून सुरतेला न्यायचो. घरात सगळे "पोटाचं" म्हणायचे, मीही म्हणायचे. गेल्या वर्षी माझंच पोट जड वाटायला लागलं. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही निघालं नाही, पण आईची फाईल मागितली. ती फाईल ट्रंकेत साड्यांखाली होती. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. "पोटाचा नाही हो, अंडाशयाचा कॅन्सर होता आईला. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" बारा वर्षं मी चुकीच्या जागेसाठी रडले होते. त्यांनी मला नाशिकला धाडलं.

तर मॅडमनी दुसऱ्या कागदावर सगळे गोल-चौकोन नीट बसवले आणि विचारलं, "आईशिवाय आणखी कुणाला? छातीचा, अंडाशयाचा? दोन्हीकडच्या बायका आठवून सांगा."

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. डॉक्टरच्या खोलीत बसून, स्वतःच्या जिवाचा प्रश्न असताना. आणि का, ते सांगते.

मी ब्लाउज शिवते. शहाद्याच्या रस्त्याला लागून आमचं घर आहे, पुढच्या खोलीत दुकान. उद्या हळद आणि आज कापड घेऊन येणाऱ्या बायांना मी शिव्या देते आणि तरी रात्री बसून शिवून देते, म्हणून माझ्याकडे गर्दी असते. शिंप्याला सगळं कळतं. कुणाची पाठ वाकली, कुणाला दिवस गेले, कुणी जेवण टाकलंय, सासूच्या आधी मला कळतं. मी बोलत नाही. बोलले असते तर दुकान कधीच बंद पडलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी फुई आली. दार लोटून घेतलं आणि पदर बाजूला केला. डावीकडे सपाट होतं. शिवणीसारखी आडवी रेघ. मामाच्या एका मित्राच्या ओळखीने गुजरातेत ऑपरेशन झालं होतं, आणि आम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं की मामा-मामी द्वारकेला गेलेत. मी प्रसादसुद्धा मागितला होता.

"डावीकडे काय बी नही आते," फुई म्हणाली. "तुले शिवता येस. भरी दे."

मी भरून दिलं. मलमलीची वाटी शिवायची आणि कापूस भरायचा, एवढं सोपं वाटलं होतं मला. पण नुसता कापूस हलका, चालताना वर चढतो. चार वेळा उसवून शेवटी तळाशी मूठभर मोहरी घातली, तेव्हा ते जागेवर बसलं. वर जाड कापड घालून ब्लाउजच्या आतून शिवून टाकलं. फुईने आरशात दोन्हीकडून बघितलं आणि मग माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"कोन्हाले सांगशी तं तुले मन्ही आन शे."

आमच्याकडे आण ही काही बोलायची गोष्ट नाही. आण मोडली तर जिची घातली ती मरते, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मी दहावी पास आहे, मोबाईल वापरते, मला हे खरं वाटत नाही. पण मोडून बघायची हिंमतही झाली नाही. फुईला तेव्हा मुलगी लग्नाची होती, माझी मामेबहीण. आतेबहीणसुद्धा तीच. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, मला आक्का म्हणते, तिच्या पहिल्या परकरापासूनचे कपडे मी शिवलेत.

म्हणून मॅडमना मी कुणालाच नाही म्हणाले. रक्त दिलं आणि घरी आले.

रिपोर्ट आला तेव्हा परत बोलावलं. मालक सोबत होते. मॅडम म्हणाल्या, तुमच्या रक्तात असा कॅन्सर आणणारा, पिढ्यांतून उतरणारा दोष आहे. जन्मापासून आहे. आजार नाही, आजाराची शक्यता आहे, आणि ती बरीच जास्त आहे. मी विचारलं, म्हणजे मी आजारी आहे का? नाही. मग बरी आहे का? तर त्या म्हणाल्या, आज बऱ्या आहात. आता ह्याला काय म्हणायचं? मला ताप असता तर मी गोळी घेतली असती. ठणठणीत बाईने कसलं औषध घ्यायचं? मालकांना मी गाडीत दहा वेळा विचारलं, तुम्हाला काय कळलं? ते म्हणाले, तुला कळलं तेवढंच. त्यांना काडीचंही कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मॅडमनी अगदी सोप्या शब्दांत सांगितली होती. "तुमच्या मामेबहिणीला सांगा. तिची तपासणी व्हायला हवी. ती तिशीतली आहे, वेळेवर कळलं तर खूप काही करता येतं."

आणि मुलगा? माझा मुलगा सुरतेला कामाला आहे. मला वाटलं होतं, मुलगा म्हणजे आपण सुटलो. तर मॅडम म्हणाल्या, मुलगाही हा दोष नेऊ शकतो, आणि पुढे आपल्या मुलीला देऊ शकतो. बाईचा आजार पुरुष नेतो! हे ऐकून मालकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. मुलाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि जेवलीस का.

राहिली बहीण. मी कळसाडीला गेले, मामा शेतात गेलेला बघून. फुईला सगळं सांगितलं. म्हणाले, आता तुझी आण परत घे, मला तिला सांगू दे.

फुई ऐकता ऐकता भिंतीला टेकली. तिने भलतंच धरलं. "म्हंजे मन्हंच रगत खराब," ती म्हणाली. "मन्हाकडथून मन्हा भाऊकडे, भाऊकडथून तुन्हाकडे."

"अगं, भावाबहिणीत असं जात नाही. आईकडून असेल, वडिलांकडून असेल, अजून कळलेलं नाही."

"तुन्ही मायले पोटनं व्हतं. माले छातीनं शे. छातीनं मन्हं."

मी समजावलं की मॅडम म्हणतात दोन्ही एकाच दोषाने होऊ शकतं. समजावता समजावता मलाच कळेना की मी काय बोलतेय. आईची बाजू, वडिलांची बाजू. पण आईची बाजू म्हणजे मामा, आणि मामाच्या घरात फुई, आणि फुई म्हणजे वडिलांची बाजू. मी बोटांवर मोजत होते आणि फुई माझ्या बोटांकडे बघत होती.

मग तिने खरं कारण सांगितलं. बहिणीचं लग्नही साट्यातलंच. तिची नणंद तिच्या भावाला केलेली. सून फुईच्या घरात नांदत होती, पदरात दीड वर्षाचं मूल.

"पोरना सासरले कळनं तं तिले पाछी धाडतीन," फुई म्हणाली. "ती पाछी ऊनी तं सून बी चालनी जाई. इसरनी का, तुन्ही माय रुसे तवय मी कशी येत व्हतू?"

विसरले नव्हते. खिचडी आठवत होती.

"पोरले काय बी सांगशी तं तुले मन्ही आन शे," फुईने दुसऱ्यांदा आण घातली. आणि वरून चहा केला.

घरी येताना मी इतकी चिडले होते की एसटीत शेजारच्या बाईशी खिडकीवरून भांडले. चिडले कुणावर, हे नक्की सांगता येत नाही. फुईवर, तर ती माझ्यासाठी आईच्या जागी. आईवर, तर ती मेलेली. साटंलोटं ठरवणाऱ्या आजोबांवर, तर ते कधीच मातीत गेले. राहिली खिडकीवाली बाई.

आता पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. तरी सांगते.

माझ्या मापावर माझा फार विश्वास. बाकी शिंपी छातीचा एक गोल घेरा घेतात. मी पुढच्या हुकपासून बगलेपर्यंत डावं वेगळं आणि उजवं वेगळं घेते, म्हणून माझा ब्लाउज अंगावर बसतो. पाव इंचाचा फरक मला बोटांना कळतो. तर माझ्या डोक्यात आलं की बहिणीला सांगायला आण आडवी येते, माप घ्यायला कुठे येते? दर महिन्याला माप घ्यायचं. काही वाढत असेल तर टेपमध्ये दिसेल. दिसलं की आण गेली खड्ड्यात, उचलून दवाखान्यात न्यायचं. नाही दिसलं तर पोर सुखात आहे, फुईही जिवंत आहे. मला माझी ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. मॅडमनी कानीकपाळी सांगितलं होतं की दोष रक्तात असतो, बाहेरून दिसत नाही, आणि दिसायची वाट बघायची नसते. पण माणसाला जे करता येतं तेच ते करतं. मला माप घेता येतं.

बहीण दोन कोसांवर दिलेली. पहिला ब्लाउज मी तिला तिच्या मुलीच्या वाढदिवसाचा म्हणून दिला. दुसरा, कापड उरलं म्हणून. तिसरा, नवी कटोरी शिकलेय, तुझ्यावर बसवून बघते म्हणून. चौथ्याला काय कारण दिलं आठवत नाही. दर वेळी माप वहीत उतरवायचं आणि मागच्याशी ताडून बघायचं. डावं सव्वाआठ, उजवं सव्वाआठ. पुढच्या महिन्यात डावं साडेआठ! मी रात्रभर जागी. त्याच्या पुढच्या महिन्यात परत सव्वाआठ. तिने त्या दिवशी आतून जाड बनियन घातलं होतं, बाकी काही नाही.

"आक्का, हाऊ पाचवा ब्लाउज शे," ती हसत म्हणाली. "मन्ही सासू पुसस, तुन्ही आक्काले दुसरं गिऱ्हाइक नही का?"

"तुझ्या सासूला म्हण, मत्सर करू नको. तिलाही शिवून देईन."

मी हसले, पण पाचव्या मापाच्या वेळी मी टेप ठेवून नुसत्या बोटांनी बगलेपाशी चाचपलं. शिवण कुठे येईल ते बघते, असं म्हणत. तिने पदर नीट केला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

मग तीन आठवडे फोन नाही. मी केला तर उचलेना. चौथ्या आठवड्यात दुपारी एकटीच आली. मशीनसमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मशीन बंद कर."

मी पायट्यावरून पाय काढला.

"तू काय शोधी ऱ्हायनी व्हती, आक्का?"

"काय म्हणजे?"

"मन्हा आंगवर. मागला खेपले तू टेप ठेईसन नुसतं चाचपत व्हती. माले वाटनं, तुन्हा हातले गाठ लागनी आनि तू सांगी नही ऱ्हायनी." ती पुढे म्हणाली, "वीस दिन मी झोपनू नही. पोरले जवळ लेवाले भ्याव वाटे. मंग एकलीच नंदुरबारले जाई ऊनू. सोनोग्राफी कई. काहीच नही निंघनं."

माझ्या तोंडून "देवा" निघालं.

"काहीच नही निंघनं," ती परत म्हणाली. "मंग तू काय शोधत व्हती?"

मला वाटलं होतं, तो क्षण आला की माझी जीभ टाळूला चिकटेल. तसं काही झालं नाही. मी सगळं सांगितलं. आईचं, माझा रिपोर्ट, मॅडम काय म्हणाल्या ते. मग तिच्या आईचं. डाव्या बाजूचं, कापसाचं, मोहरीचं. द्वारकेच्या प्रसादासकट. एका दमात सगळं, आणि शेवटी म्हणाले, फुईने दोनदा आण घातली होती गं.

तिने माझी टेप उचलली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"आन मोडी तं माय मरी जाई, आसं वाटनं ना तुले?" ती म्हणाली. "आनि आन पाळता पाळता मी मरी जाती तं?"

आई म्हणायची, एक ना धड भाराभर चिंध्या. माझ्या पाच महिन्यांचा तेवढाच हिशेब. पाच ब्लाउज शिवले, पण एक वाक्य बोलायला जमलं नाही. मी मशीनवर डोकं ठेवून रडले, आणि तिनेच उठून मला पाणी दिलं. वर म्हणाली, रड, पण ब्लाउज चांगले झालेत.

ती इथून सरळ कळसाडीला गेली. मायलेकींमध्ये काय झालं मला माहीत नाही. दोघींनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण पुढच्या आठवड्यात नाशिकच्या गाडीत आम्ही चौघं होतो. फुई, बहीण, मी आणि मामा. मामा गाडीत सगळ्यांना सांगत होता की त्याने कधी डॉक्टरचं तोंड बघितलेलं नाही.

मॅडमनी तोच जुना कागद काढला. "मागे तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्या कुणाला नाही." मी खाली बघितलं. फुईने ऐकलं, खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्याने म्हणाली, "लिखा. मन्हं डावं काढेल शे." दार उघडं होतं. बाहेर बसलेल्या बायांनी वळून बघितलं. मॅडमनी फुईच्या गोलात अर्धा भाग काळा केला.

फुईने आणि बहिणीने रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला परत चौघं गेलो, आणि माझी उरलीसुरली अक्कलही गेली. फुईमध्ये दोष नव्हता. बहिणीत होता.

"पण कॅन्सर तर फुईला झाला," मी म्हणाले.

"झाला. तो असाच झालेला. बऱ्याच बायकांना असा कुठल्याही वारशाशिवाय होतो," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडून मुलीला काही गेलेलं नाही. मुलीला आलंय ते वडिलांकडून. तुम्हाला तुमच्या आईकडून. दोघं भाऊबहीण ना?"

म्हणजे मामा. कधी डॉक्टरचं तोंड न बघितलेला मामा. मॅडमसकट आम्ही चौघीही त्याच्याकडे बघायला लागलो. तो म्हणाला, "मी तं ठनठनीत शे," आणि शर्टाचं बटण लावलेलंच होतं ते परत लावलं.

फुईने तोच प्रश्न तीन वेळा विचारला. "म्हंजे मन्हं नव्हतं? मन्ही पोरले मी नही दिन्हं?" नाही, मॅडम म्हणाल्या, तुम्ही नाही दिलं. मला वाटलं ती आता मामाला चांगली सुनावेल, पन्नास वर्षांचं सगळं काढेल. ती म्हणाली, "मंग नऊ वरीस मी कोनं पाप लपाडं?" आणि मामाचाच हात धरून जिना उतरली, कारण तिला पायऱ्या दिसत नव्हत्या. मला आनंद झाला, दुःख झालं, बहिणीसाठी भीती वाटली, आणि फुईसाठी हलकंही वाटलं. एकाच वेळी इतकं सगळं वाटायला नको माणसाला.

माझं मी ठरवलं. दिवाळीनंतर अंडाशय काढून टाकले. छातीचं अजून ठरत नाही. सहा महिन्यांनी तपासणीला जाते, एक दिवस वाटतं काढून टाकावं, दुसऱ्या दिवशी वाटतं राहू दे. बहिणीला मॅडमनी सांगितलं, तुम्ही तिशीत आहात, सध्या नियमित तपासणी, बाकी पुढच्या काही वर्षांत बघू. तिने नवऱ्याला सांगितलं. तो चांगला निघाला, गप्प बसला आणि गाडी काढली. राहिली सासू. तिला दोघांनीही सांगितलं नव्हतं. फुईला त्याच एका गोष्टीचं भ्याव उरलं होतं, आणि तिच्यामुळे मलाही.

आणि एका दुपारी तीच सासू माझ्या दुकानात आली. फुई तेव्हा पडद्यामागे नवा ब्लाउज घालून बघत होती. सासूबाई स्टुलावर बसल्या, पदराने वारा घेतला आणि मला म्हणाल्या, "खरं सांग. मन्ही सूनले काय व्हयेल शे? घडी घडी नाशिकले कसाले जास ती?"

माझं तोंड उघडलं आणि मला हसू यायला लागलं. मी कात्री उचलली, खाली ठेवली. एवढ्यात पडदा सरकला. फुई बाहेर आली, ब्लाउजचे हुक अर्धे लावलेले, वर पदर. जुना ब्लाउज तिच्या हातात होता. तिने मी ठेवलेली कात्री घेतली, आतली शिवण उसवली आणि ती कापसाची वाटी कापायच्या टेबलावर विहिणीसमोर ठेवली.

"हाई मन्हं," ती म्हणाली. "नऊ वरीस लपाडं. पोरले अजून काही व्हयेल नही, पन व्हवू शकस, म्हनीसन तपासाले जास ती. आते तुम्हले तिले पाछी धाडनी व्हई तं धाडा. तुम्हनी पोर मन्हा घरमा शे. मी तिले धाडनार नही."

मी जन्मात साट्याची अशी मोड ऐकली नव्हती. एकीकडून धाडलं तरी दुसरीकडून न धाडण्याची.

सासूबाईंनी ती वाटी उचलली. तळहातावर ठेवली, वजन बघितलं, अंगठ्याने दाबलं. शिवणीतून कापसाचं एक बोंड बाहेर आलं होतं ते चिमटीत धरून उलगडलं आणि तंतू ओढून बघितला.

"हाऊ कापूस कोनता?" त्यांनी विचारलं. "घरना का बजारना?"

"घरना," फुई म्हणाली.

"आंदर मोहरी शे का?"

"मोहरी."

"उन्हाळामा भलतं गरम व्हत व्हई व माय."

"भलतं व्हस," फुई म्हणाली.

सासूबाईंनी वाटी परत टेबलावर ठेवली, हलकेच, उलटी पडू नये अशी. मग माझ्याकडे वळल्या, तोच जरबेचा आवाज.

"मन्ही सूनले कधी लागनं," त्या म्हणाल्या, "तं आसं जाड देऊ नको. पातळ मलमलनं शिवजो."

मी हो म्हटलं.